पूजेत ठेवलेला फोन

खंडेनवमी आली की आजही मला एक बंद फोन आठवतो. काचेवर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली, वर झेंडूचं फूल, आणि शेजारी मागाचे धोटे, नट आवळायचे पाने, कात्र्या. तो फोन मी पहिल्यांदा पाहिला तो फोटोतच. पण त्याने माझा चौतीस वर्षांचा तोरा उतरवला.

सोलापुरातली ती माझी शेवटची नेमणूक. मी पोलीस निरीक्षक होतो, निवृत्तीला वर्ष राहिलं होतं, आणि समोर बसलेल्या माणसाच्या पोटातलं मला दहा मिनिटांत कळतं असा माझा समज होता. बऱ्याचदा तो खराही ठरायचा, म्हणून तर तो वाढत गेला. या प्रकरणातल्या कोणाचं नाव मी इथे देत नाही. त्यातली बरीच माणसं आजही त्याच गावात, त्याच धंद्यात आहेत.

दसरा होऊन पंधरवडा झाला असेल. सकाळची हजेरी आटोपून मी बंदोबस्ताचे कागद बघत होतो, तेवढ्यात अक्कलकोट रस्त्यावरच्या एका टॉवेल कारखान्याचे मालक भेटायला आले. सोबत त्यांचे माल पाठवणीचं काम बघणारे मॅनेजर होते, चौदा वर्षं त्याच कारखान्यात असलेले गृहस्थ. मालकांनी टेबलावर दोन टॉवेल ठेवले. एक त्यांचा, एक दुसऱ्या कारखान्याचा. नक्षी हुबेहूब तीच.

"साहेब, ही डिझाइनं अजून बाजारात गेली नाहीत. परदेशातल्या गिऱ्हाइकासाठी सहा महिने राबून केलेल्या बारा नक्ष्या होत्या. आमच्या आधी समोरच्याने नमुने दाखवले. गिऱ्हाईक आम्हालाच चोर म्हणायला लागलंय," मालक म्हणाले.

चोरी कशी झाली ते मॅनेजरांनी समजावलं. डिझाइनच्या फाइली ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवर असत. ऑफिसचं वायफाय फक्त यादीतल्या फोनना आणि कॉम्प्युटरना आत घेई. प्रत्येक फोनला वायफायसाठी स्वतःचा एक लांबलचक नंबर असतो. हल्लीचे फोन तो अधूनमधून बदलतात, पण कारखान्याने सगळ्यांना ती सोय बंद करायला लावून प्रत्येकाचा कायमचा नंबर यादीत घेतला होता. पासवर्ड सगळ्यांना एकच. कोण कधी जोडला गेला आणि कुठली फाइल उघडली, याची नोंद यंत्र आपोआप ठेवी.

त्या नोंदीचा छापील कागद मॅनेजरांनी पुढे सरकवला. "साहेब, वाचायला सोपं करून आणलंय," असं म्हणत त्यांनी पिवळ्या रंगाने रंगवलेल्या ओळीवर बोट ठेवलं. तारीख, दुपारची वेळ, बारा फाइली, आणि एक नंबर. यादीत तो नंबर डिझाइन विभागातल्या एका मुलीच्या नावापुढे होता.

"पोरगी हुशार आहे. मला वाईट वाटतं. पण मशीन तिचंच नाव सांगतंय," मालक म्हणाले.

त्यांना लगेच गुन्हा दाखल करून हवा होता. मी आधी अर्जचौकशी करायचं ठरवलं, तो माझा शिरस्ता. पण खरं सांगतो, मनातून मीही निकाल लावून मोकळा झालो होतो. कागद इतका स्वच्छ होता की चौकशी म्हणजे नुसता सोपस्कार वाटत होता. दोन दिवसांत सांगतो, असं मी ऐटीत म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मुलगी वडिलांबरोबर ठाण्यात आली. वय सव्वीस. शहराच्या पूर्व भागातलं तेलुगू बोलणारं विणकर घर. वडिलांनी सारी हयात मागाला नक्षीची कार्डं ठोकण्यात घालवली होती. पुठ्ठ्याच्या पट्टीवर भोकं पाडायची, आणि त्या भोकांप्रमाणे माग फूल विणतो की मोर, ते ठरायचं. मुलीने त्याच विद्येचा डिप्लोमा केला होता आणि तीच नक्षी ती आता आधी फोनवर, मग कॉम्प्युटरवर काढत होती. महिला अंमलदाराला शेजारी बसवून मी जबाब सुरू केला.

इथे माझ्या एका सवयीविषयी सांगायला हवं, कारण सगळं त्या सवयीवरच अडलं. संशयिताला घटनेची तारीख मी कधीच आधी सांगत नसे, आणि फिर्यादीलाही ती सांगू देत नसे. तारीख सांगितली की माणूस घरी जाऊन त्या दिवसाची गोष्ट रचून येतो. न सांगता फिरून फिरून विचारलं की तो स्वतःच कुठेतरी अडखळतो. ही युक्ती मी नव्या फौजदारांनाही शिकवली होती. म्हणून मी तिला एवढंच विचारलं, "गेल्या महिनाभरात ऑफिसच्या वायफायवरून कुठकुठल्या फाइली उघडल्या?"

"रोजच उघडते की साहेब. माझं कामच ते आहे."

"बाहेर कोणाला दिल्या?"

"कोणालाच नाही."

"तुझ्या फोनचा नंबर नोंदीत आहे. बारा फाइली एकदम उतरवून घेतल्यात."

"मी एकदम बारा कधीच घेतल्या नाहीत की. कधी घेतल्या म्हणताय?"

"ते तू सांगायचंस."

तिचा चेहरा पडला. मी तो गुन्हेगाराचा चेहरा समजलो. वडील मध्येच बोलले, "साहेब, ती नक्षी तिनंच काढलीया. सोताचं पोर कुणी इकतं व्हय?" मी त्यांना हाताने थांबवलं आणि माझं ठेवणीतलं वाक्य टाकलं, "माणूस खोटं बोलतो, मशीन बोलत नाही."

त्यावर ती मुलगी शांतपणे म्हणाली, "मशीन खोटं बोलत नाही साहेब, पण आपण घालू ते कार्ड ते विणतं. कार्ड दुसऱ्याने घातलं तरी मागाला काय कळतं?"

मला ते उद्धट वाटलं. जबाबावर सही घेतली आणि परवा पुन्हा या म्हणून सांगितलं.

असं तिला मी तीनदा बोलावलं. तिसऱ्या खेपेपर्यंत मालकांनी तिला कामावरून घरी बसवलं होतं. सोलापुरात टॉवेलचा धंदा म्हणजे एक मोठं घरच. एका कारखान्यात चोरीचा आळ आला की दुसरीकडे कोणी दारात उभं करत नाही, आणि डिझाइनच्या चोरीचा आळ तर नाहीच नाही. तिने शिकलेली एकुलती एक विद्या तिच्या हातातून जायच्या बेतात होती. हे मला कळत होतं. पण कागदासमोर मी ते बाजूला ठेवलं होतं. शनिवारी गुन्हा नोंदवायचा असं मी मनाशी पक्कं केलं.

शुक्रवारी सकाळी ठाणे अंमलदाराने आत येऊन सांगितलं की एक म्हातारा तासभर बाकावर बसून आहे, काम सांगत नाही, मोठ्या साहेबांनाच भेटायचं म्हणतो. तो त्या कारखान्याच्या गेटवरचा वॉचमन निघाला. कुंभारीचा राहणारा, सगळे त्याला मामा म्हणत. ड्युटी सुटल्यावर घरी न जाता थेट आला होता.

"साहेब, रागवू नगा. पोरीसाठनं आलो," तो उभ्या उभ्याच म्हणाला.

"बसा मामा. काही पाहिलंत का?"

"पायलं कायबी न्हाई. निस्तं सांगाया आलो की ती तसली पोरगी न्हाई. आवं, खंडेनवमीला समद्यांनी आपापली हत्यारं पूजेत मांडली. कुणी धोटा, कुणी पाना. आरती झाली, पोरीनं फोनवर पूजेचे फोटू काढलं, आन मग फोन बंद करून त्यो बी पूजेत ठिवला! समदी लई हासली तिला. म्हनली, अगं, फोन कोन पूजेत ठिवतं? तर म्हनती कशी, मामा, मी नक्षी ह्याच्यावरच काढती, माझं हत्यार ह्येच. बापानं शिकिवलंया तिला, हत्यार पूजेत बसलं की दसऱ्यापातूर हलवायचं न्हाई. दुसऱ्या दिशी सकाळी येऊन, नमस्कार करून मंग उचलला. माग बंद हुतं, मी तितंच राखणीला बसलेलो. असली देवाधर्माची पोरगी चोरी करंल व्हय साहेब?"

बिचारा तिच्या स्वभावाची साक्ष द्यायला आला होता. आपण काय बोललो याचा त्याला पत्ताही नव्हता. मी मात्र फाइल उघडली आणि पिवळ्या ओळीतली तारीख पुन्हा वाचली. मग ठाण्याची स्टेशन डायरी मागवून ते पान काढलं. माझ्याच ठाण्याची त्या दिवशीची नोंद होती: सकाळी शस्त्रपूजन, अधिकारी व अंमलदार हजर. खंडेनवमी. त्या दिवशी मी स्वतः फुलं घातलेल्या रायफलींसमोर हात जोडून उभा होतो. नवरात्रातले नऊही दिवस आम्हाला बंदोबस्तापायी सारखेच, त्यामुळे कागदावरचा आकडा म्हणजे तो सण हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

जी तारीख मी हुकमाच्या पानासारखी मुठीत दाबून धरली होती, तीच तिला सोडवणारी होती. पहिल्या दिवशी नुसती उच्चारली असती तर ती तिथल्या तिथे म्हणाली असती, साहेब, माझा फोन तर पूजेत होता. मला माझीच लाज वाटली. मामांना चहा पाजला आणि त्यांचा जबाब रीतसर लिहून घेतला.

एका माणसाच्या शब्दावर विसंबणं बरं नाही, म्हणून पडताळणी केली. आरतीनंतर मालकांनी स्वतः काढलेला पूजेचा एक फोटो कारखान्याच्या ग्रुपवर होता. त्यात फोन होता, कुंकवासकट; कागदावरचा आकडा म्हणजे तोच दिवस, हे माझ्यासारखंच त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं. मोबाइल कंपनीकडून मागवलेल्या नोंदींतही तो फोन आरतीच्या सुमारापासून दुसऱ्या सकाळपर्यंत बंद. मग पूजेत झोपलेल्या फोनच्या नंबराने दुपारी बारा फाइली कोणी नेल्या?

सायबर विभागातल्या एक महिला हवालदार मदतीला आल्या. बोलायला मोजक्या, कामाला चोख. मला तांत्रिक भाषा कळत नाही हे त्यांनी लगेच ओळखलं.

"सर, आपण हजेरीला बक्कल नंबर पुकारतो. 'हजर' असा आवाज आला की खूण करतो. मान वर करून पाहिलंच नाही, तर आवाज कोणाचा ते कळेल का?"

"नाही कळणार."

"या वायफायने मान वर केली नाही. नंबर विचारला, पासवर्ड विचारला, आत घेतलं. फोनचा नंबर दुसऱ्या यंत्राला लावता येतो. समोरचं यंत्र खरोखर तेच आहे का, हे तपासायची सोयच इथे केलेली नाही."

आम्ही कारखान्यात गेलो. पॅकिंगच्या हॉलमध्ये पिण्याच्या पाण्याच्या टाकीशेजारी सूचनाफलक होता. त्यावर सुट्ट्यांचा तक्ता, गणपतीच्या वर्गणीची पावती, आणि प्लास्टिकमध्ये छान मढवलेली वायफायची यादी. प्रत्येकाचं नाव आणि पुढे फोनचा तो नंबर. आपला नंबर बरोबर लिहिलाय की नाही हे ज्याचं त्याने तपासावं, म्हणून ऑफिसने लावली होती. हवालदारबाई त्या फलकासमोर उभ्या राहून हसल्या.

"सर, कुलूप भारी घेतलंय, आणि किल्ल्या इथे पाणवठ्यावर टांगल्यात."

मग पंचांसमक्ष त्यांनी मूळ नोंद यंत्रातूनच काढून घेतली. आमच्याकडे आलेल्या कागदावर चार रकाने होते. मुळात निघाले सात. वाचायला सोपं करताना तीन गळाले होते. त्यातल्या एकात, यंत्र जोडलं जाताना आपलं नाव काय सांगतं, ते लिहिलेलं होतं. खंडेनवमीच्या दुपारी मुलीच्या नंबरापुढे जे नाव होतं ते फोनचं नव्हतं, एका लॅपटॉपचं होतं. तेच नाव इतर सगळ्या दिवशी स्वतःच्या खऱ्या नंबरासह नोंदलेलं होतं. तो लॅपटॉप पॅकिंग हॉलमधला. त्यावर तिघं काम करत, दोन कारकून आणि मॅनेजर.

कारकून दोघेही पूजेनंतर प्रसादाच्या पंगतीत वाढायला होते, शंभर साक्षीदार मिळाले. राहिले मॅनेजर. पण लॅपटॉप तिघांचा म्हटल्यावर नुसत्या संशयाने भागत नाही. मी त्यांना बोलावलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा चौकशीची सुरुवात तारखेने केली.

"खंडेनवमीला दुपारी कुठे होता?"

"पूजेला. सगळेच होते की."

"शेवटपर्यंत?"

"हो साहेब. आरती, प्रसाद, सगळं. नंतरही सगळ्यांबरोबरच बसलो होतो."

"पूजेत काय काय मांडलं होतं?"

त्यांनी भराभर सांगितलं. धोटे, पाने, कात्र्या, तेलाची पिचकारी, वजनकाटा. माणूस हुशार होता, एकही वस्तू चुकला नाही.

"आणि आरतीनंतर सगळे कशाला हसले?"

"हसले?"

"चांगली पाच मिनिटं हसत होते म्हणे. तुम्ही तर तिथेच होता."

ते म्हणाले, "असेल काहीतरी थट्टा. लक्षात नाही."

मी फोटो त्यांच्यासमोर ठेवला आणि फोनवर बोट टेकवलं. "हा कोणाचा?"

त्यांनी चष्मा पुसला, फोटो जवळ घेतला. ओळखायला वेळ लागला नाही. कव्हरच्या कडेवर तिनेच काढलेली मोराची नक्षी होती. त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "फोन कोणी पूजेत ठेवतं का हो साहेब?"

पुढचं अर्ध्या तासात संपलं. आरतीची थाळी फिरताच ते हॉलमध्ये परतले होते. समोरच्या कारखान्याने त्यांना भागीदारीची खुर्ची देऊ केली होती. मुलगी रोज त्याच फाइली उघडते, तिच्या नंबरावर कोणाला शंका येणार नाही, म्हणून फलकावरून तिचाच नंबर उचलला. लॅपटॉप पंचनाम्याखाली जप्त केला, गुन्हा दाखल केला, आणि यथावकाश आरोपपत्रही गेलं. कारखान्याने वायफायची पद्धत बदलली. आता प्रत्येक यंत्रात त्याचं स्वतःचं प्रमाणपत्र बसवलेलं असतं, ते तपासल्याशिवाय आत घेत नाहीत. पासवर्डही ज्याचा त्याचा वेगळा. फलकावरची यादी मालकांनी माझ्यादेखत स्वतःच्या हाताने फाडली.

राहिलं एक काम. मी त्या मुलीच्या घरी गेलो. ठाण्यात बोलावलं असतं तर ती चौथी खेप झाली असती. वडील दारालगतच्या मागाच्या खोलीत बसले होते. मी टोपी काढून ठेवली आणि म्हणालो, "माझं चुकलं. तुम्हाला तीनदा यायला लावलं."

मालकांनी कामावर परत बोलावल्याचं तिला कळलं होतं. तरी ती हसली नाही. म्हणाली, "तुम्ही मला काही विचारलंच नव्हतं की साहेब. माझ्या नंबरालाच विचारत होता."

मी खाली मान घालून चहा घेतला.

निघताना ती पुढे झाली. "तोंडी नको साहेब. लोकांनी चोर म्हटलं तेव्हा कागद दाखवून म्हटलं. मलाही कागदच द्या."

मागणी रास्त होती. ठाण्यात परतून मी स्वतः लिहिलं: अर्जातील आरोप चौकशीत खोटा ठरला असून सदर मुलीचा या कृत्याशी काहीही संबंध नाही. खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. नोकरीत मी हजारो कागदांवर सह्या केल्या, इतक्या जपून क्वचितच केली असेल.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं नवे अधिकारी विचारतात. तंत्राचं त्यांना माझ्याहून जास्त कळतं, त्यामुळे ते मी सांगत नाही. एवढंच सांगतो की नंबर मिळाला म्हणजे वस्तू मिळाली नाही, आणि वस्तू मिळाली म्हणजे माणूस मिळाला नाही. मधल्या दोन्ही पायऱ्या स्वतः चढून पाहा. कोणी वाचायला सोपं करून आणलं तर मूळ कागद मागा. आणि समोरच्याला तारीख सांगा. खोटा माणूस गोष्ट रचेल, ती तुम्हाला मोडता येईल. पण खऱ्या माणसाला आठवायला तरी जागा मिळेल.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या खंडेनवमीला मालकांचं बोलावणं आलं. मी गेलो. गेटवर मामांनी कडक सलाम ठोकला. माग थांबले होते, समोर चौरंगावर पूजा मांडली होती. धोटे, पाने, कात्र्या, आणि मोराच्या कव्हरचा तो फोन, बंद. या वेळी कोणी हसत नव्हतं. फोनशेजारी एक घडी घातलेला कागद ठेवला होता, त्यावर हळदीकुंकू आणि झेंडूचं फूल. मी वाकून पाहिलं. घडीबाहेर दिसत होती ती माझीच सही.

मुलीचे वडील शेजारी येऊन उभे राहिले. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "तिचं ह्ये बी हत्यारच की साहेब."

आरती सुरू झाली. मी चपला बाजूला काढल्या, डोक्यावर रुमाल घेतला आणि इतरांच्या रांगेत हात जोडून उभा राहिलो.